मराठी साइट फोनवर झटकन उघडावी म्हणून: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

साइट तयार झाली की आंबा बागायतदार मला बहुतेकदा पहिला प्रश्न हाच विचारतात: "गिऱ्हाइकांना नोटिफिकेशन कधीपासून पाठवता येईल?" त्या वेळी साइटवर दरपत्रक फोटोच्या रूपात चिकटवलेलं असतं, वरचा मोठा फोटो पाच एमबीचा असतो आणि पान उघडायला इतका वेळ लागतो की नोटिफिकेशन पाहून आलेला माणूस पेटीचा भाव दिसायच्या आत परत जातो. नोटिफिकेशन ही या कामातली सातवी पायरी आहे. लोक ती पहिली करतात आणि मग पुढचं सगळंच उलटंपालटं होतं.

खालचा क्रम देवगड-रत्नागिरीकडच्या हापूस विक्रीच्या साइट डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. तिथे सगळ्या अडचणी एकदम येतात: हंगाम जेमतेम मार्च ते मे, भाव आठवड्याला बदलणार, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याला आणि साइटची लिंक फिरणार व्हॉट्सॲपवर. मसाले, साड्या, होमस्टे यांच्या साइटलाही हाच क्रम लागू पडतो.

## सुरुवात करण्याआधी

या गोष्टी हाताशी नसतील तर काम सुरू करू नका:

- डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवण्याची भाड्याची जागा) या दोन्हींचे पासवर्ड. पुष्कळदा डोमेन जुन्या डेव्हलपरच्या ईमेलवर असतं. ते आधी मालकाच्या नावावर करून घ्या.
- साइटचा पूर्ण बॅकअप, आपल्या संगणकावर उतरवलेला. होस्टिंगवरच ठेवलेला बॅकअप धरायचा नाही.
- एक स्वस्तातला, दोन-तीन वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन. तुमच्या महागड्या फोनवर साइट चांगलीच चालणार, त्यातून काही कळत नाही.
- एक वही. प्रत्येक बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे तारखेसह लिहायला.

आणि एक पथ्य: हंगामाच्या ऐन मध्यावर यातली कोणतीही पायरी नव्याने सुरू करू नका. जानेवारी-फेब्रुवारीत काम उरका.

## पायरी १: आधी मोजा

गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल पाहा. तीन आकडे लिहून घ्या. एलसीपी म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागलेला वेळ, तो २.५ सेकंदांच्या आत हवा. आयएनपी म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ, तो २०० मिलिसेकंदांच्या आत हवा. सीएलएस म्हणजे पान उघडताना मजकूर किती उड्या मारतो त्याचं माप, ते ०.१ च्या आत हवं. आयएनपी हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या एफआयडीच्या जागी आलं. कुणी अजून एफआयडी सुधारून देतो म्हणत असेल, तर त्याची माहिती जुनी आहे.

इथे सर्रास चूक होते ती दोन निकालांची सरमिसळ करण्याची. वरचा भाग खऱ्या वापरकर्त्यांच्या गेल्या २८ दिवसांचा असतो, खालचा भाग त्या क्षणी घेतलेल्या चाचणीचा. आज सुधारणा केली तर वरचा आकडा उद्या बदलणार नाही, त्याला चार आठवडे द्यावे लागतात. लहान साइटला वरचा भाग दिसतही नाही, कारण तेवढी वर्दळच नसते. मग स्वस्त फोन, खासगी विंडो आणि मोबाइल डेटा ही आपली चाचणी. पान उघडायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा.

## पायरी २: मजकूर खरा मजकूर करा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मराठी साइटचं निम्मं दुखणं या पायरीत असतं आणि इंग्रजीतल्या सूचना वाचून काम करणाऱ्यांना ते दिसत नाही.

दरपत्रक, पत्ता, बुकिंगचे नियम यांचे पोस्टर बनवून टाकले असतील तर ते काढा आणि मजकूर टाइप करा. पोस्टर फोनवर वाचायला बोटांनी ताणावं लागतं, शोधात सापडत नाही, दृष्टिहीन माणसाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही, आणि भाव बदलला की पुन्हा डिझायनरकडे जावं लागतं.

तपासा: साइटवरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीच दिसलं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत आहे. इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला आहे. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि नंतर ओळीन् ओळ वाचा. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हटकून जागा सोडतात.

पुढचं काम पानाच्या भाषेची नोंद. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा लिहिलेली असते. तयार थीममध्ये, म्हणजे साइटच्या विकत किंवा फुकट मिळणाऱ्या साच्यात, ती अमेरिकी इंग्रजी किंवा हिंदी राहून जाते. ती मराठी करा. त्याने दोन गोष्टी होतात: फोन मराठी आवाजात वाचून दाखवू शकतो, आणि नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात. भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणाचा 'ल' येतो. कारण लक्षात आलं नाही तरी वाचणाऱ्याला ते खटकतं.

फाँटच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: मुख्य मजकुराला फोनचाच फाँट वापरा. अँड्रॉइडवर आणि आयफोनवर चांगली देवनागरी आधीपासून असते, ती डाउनलोड करावी लागत नाही. वेगळा फाँट फक्त मथळ्यांना, आणि तोही एकाच जाडीचा. फाइल डब्ल्यूओएफएफ-२ या वेबसाठीच्या हलक्या प्रकारची हवी.

फाँट हलका करण्यासाठी त्यातली नको असलेली अक्षरं काढून टाकतात, तिथे सावध राहा. देवनागरीची मूळ अक्षरं ठेवली म्हणजे झालं, असं नाही. जोडाक्षरं घडवणारे नियम फाँटच्या आत वेगळे असतात, ते गेले की 'ज्ञ' फुटून 'ज्‌ञ' दिसतो. न दिसणारी जोडणारी-तोडणारी दोन चिन्हं आणि रुपयाचं चिन्हही ठेवावं लागतं.

तपासा: ही ओळ साइटच्या मथळ्यात टाकून स्वस्त फोनवर पाहा: "सुऱ्या, आचाऱ्यांना, ज्ञान, त्र्यंबकेश्वर, उत्कृष्ट, द्वितीय, ₹१,२००". एक जरी अक्षर वेगळ्या जाडीचं किंवा पाय मोडल्यासारखं दिसलं, तर फाँट पुन्हा बनवा.

सावधान: थीममध्ये मथळ्यांना अक्षरांतलं अंतर दिलेलं असतं. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेषा तुटते. ते शून्य करा. ओळींतलं अंतर १.६ पट ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात.

## पायरी ३: फोटो

कॅमेऱ्यातून निघालेला फोटो ४,००० पिक्सेल रुंद असतो. फोनला त्याच्या पाव भागाचीच गरज असते. प्रत्येक फोटोचे तीन आकार करा, ४८०, ८०० आणि १,२०० पिक्सेल, आणि कोणता घ्यायचा ते ब्राउझरवर सोडा. फाइलचा प्रकार एव्हीआयएफ, तो जमला नाही तर वेबपी, आणि शेवटी आधार म्हणून जेपेग. आयफोनवर एव्हीआयएफ आयओएस १६ पासून चालतो, म्हणून जुन्या फोनसाठी आधार ठेवायचाच. वरचा मोठा फोटो १५० केबीच्या आत बसवा.

दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. एक, सगळ्याच फोटोंना 'नंतर लोड कर' ही सूचना दिली जाते, अगदी पहिल्या फोटोलासुद्धा. मग जो फोटो आधी यायला हवा तोच उशिरा येतो आणि एलसीपी बिघडतो. पहिल्या फोटोला ही सूचना नको, उलट त्याला वरचा प्राधान्यक्रम द्या. दोन, फोटोची रुंदी-उंची लिहिलेली नसते. फोटो उतरला की खालचा मजकूर धपकन सरकतो आणि 'बुक करा' दाबायला गेलेलं बोट भलतीकडे पडतं.

आपोआप सरकणारी फोटोंची पट्टी काढून टाका. पाच फोटो उतरतात आणि गिऱ्हाईक पहिलाच पाहतं.

## पायरी ४: साइट गिऱ्हाइकाजवळ नेऊन ठेवा

साइटचा सर्व्हर परदेशात असेल तर प्रत्येक फाइल समुद्र ओलांडून येते. सीडीएन ही सेवा फाइलींच्या प्रती जवळच्या शहरात ठेवते. क्लाउडफ्लेअरसारख्यांचं केंद्र मुंबईत आहे आणि लहान साइटला मोफत योजना पुरते. तिथे एचटीटीपी-३ (फाइली पाठवण्याची नवी पद्धत) आणि ब्रॉटली (मजकुराच्या फाइली आवळून लहान करण्याची पद्धत) ही दोन्ही सुरू आहेत का ते पाहा. एचटीटीपी-३ मध्ये एक तुकडा वाटेत हरवला म्हणून बाकीच्या फाइली अडून बसत नाहीत, आणि घरच्या वायफायवरून मोबाइल डेटावर आलं तरी जोडणी टिकू शकते. घाटातून येणाऱ्या एसटीत बसून साइट उघडा, फरक लगेच कळेल.

फोटो, फाँट, स्टाइलच्या फाइली ब्राउझरला वर्षभर साठवू द्या, पण फाइल बदलली की तिचं नावही बदलायचं. भाव असलेलं पान मात्र ताजं आहे की नाही हे ब्राउझरने दर वेळी सर्व्हरला विचारलंच पाहिजे.

सावधान: ऑर्डर आणि पैसे भरण्याची पानं सीडीएनवर साठवू नका. एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसण्याचा धोका आहे.

## पायरी ५: सर्व्हिस वर्कर

सर्व्हिस वर्कर म्हणजे तुमच्या साइटने गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी जावास्क्रिप्ट फाइल. पान आणि नेटवर्क यांच्या मधे ती बसते आणि कोणती फाइल साठ्यातून द्यायची, कोणती नेटवरून आणायची हे ठरवते. रेंज गेली तरी साइट उघडते ती हिच्यामुळे, आणि बहुतेक ब्राउझरमध्ये नोटिफिकेशनही हिच्याशिवाय येत नाही. म्हणून ही पायरी सातवीच्या आधी.

मी स्वतः इथे केलेली चूक सांगतो. पहिल्या साइटवर मी सगळ्याच फाइलींना 'आधी साठा, मग नेट' हा नियम लावला होता. साइट क्षणात उघडायची. पुढच्या हंगामात बागायतदारांनी नवा भाव टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन: "अहो, बाई ठाण्याहून स्क्रीनशॉट पाठवतायत, साइटवर गेल्या वर्षीचा भाव आहे. मी आता काय सांगू?" बागायतदारांच्या फोनवर नवा भाव दिसत होता, माझ्याही. ठाण्याच्या बाईंनी गेल्या मे महिन्यात साइट उघडली होती आणि त्यांच्या फोनमध्ये तेव्हाचं पान जपून ठेवलेलं होतं. त्यांनी पान रिफ्रेश केलं तरी तोच भाव. त्या आठवड्यात बागायतदारांनी अनेक पेट्या जुन्या भावाने दिल्या, कारण शब्द त्यांच्या नावाने गेला होता.

रिफ्रेशने का बदललं नाही, हे समजून घेतलंत तर ही चूक तुमच्या हातून होणार नाही. नवा सर्व्हिस वर्कर आला तरी तो उतरून बाजूला थांबतो. जुना वर्कर वापरणारे त्या साइटचे सगळे टॅब बंद होईपर्यंत ताबा जुन्याकडेच राहतो. फोनवर टॅब कोण बंद करतं?

म्हणून क्रम असा ठेवा:

1. फाइल साइटच्या मुळाशी ठेवा. आतल्या फोल्डरमध्ये ठेवली तर तिची सत्ता तेवढ्याच फोल्डरपुरती असते. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर ती चालणारच नाही.
2. पानांना 'आधी नेट, तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर साठा' हा नियम. फोटो-फाँटना 'आधी साठा'.
3. साठ्यातलं पान दाखवताना वर ठळक पट्टी: "ही माहिती अमुक तारखेची आहे. भावासाठी फोन करा." तारीख पान साठवतानाच नोंदवून ठेवा.
4. ऑर्डर आणि पैशांची पानं सर्व्हिस वर्करने हातात घ्यायचीच नाहीत.
5. साठ्याच्या नावात आवृत्तीचा आकडा. नवी आवृत्ती सुरू होताना जुने साठे पुसण्याची ओळ त्याच फाइलमध्ये.
6. साठा पुसून स्वतःला काढून टाकणारा दुसरा सर्व्हिस वर्कर आधीच लिहून, चाचणी करून बाजूला ठेवा. गडबड झाली की त्याच नावाने तो चढवायचा. गडबड झाल्यावर लिहायला बसलात तर उशीर होतो.

सावधान: सर्व्हिस वर्करची फाइल सीडीएनवर दीर्घकाळ साठवू नका आणि तिचं नाव कधी बदलू नका.

तपासा: साइट फोनवर उघडा. विमान मोड लावा. पुन्हा उघडा, पट्टीसह पान दिसलं पाहिजे. मग संगणकावरून भाव एक रुपयाने बदला, विमान मोड काढा आणि टॅब बंद न करता पान पुन्हा उघडा. नवा भाव दिसलाच पाहिजे. ही चाचणी पार पडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी ६: होम स्क्रीनवर चिन्ह

गिऱ्हाइकाला ॲपसारखं साइटचं चिन्ह होम स्क्रीनवर ठेवता यावं म्हणून मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये साइटचं नाव, छोटं नाव, सुरुवातीचं पान आणि १९२ व ५१२ पिक्सेलची चिन्हं द्यावी लागतात. छोटं नाव खरंच छोटं ठेवा, चिन्हाखाली "श्री महालक्ष्मी आंबा..." एवढंच दिसून उपयोग नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये ही सोय चालत नाही, तिथून आलेल्यांना "क्रोममध्ये उघडा" अशी सूचना दाखवा.

## पायरी ७: नोटिफिकेशन

आता पाठवा. पण परवानगी मागण्याची संधी प्रत्यक्षात एकदाच मिळते. गिऱ्हाइकाने 'ब्लॉक' दाबलं की तुमची साइट त्याला पुन्हा विचारू शकत नाही, त्यालाच सेटिंगमध्ये जाऊन ते बदलावं लागतं, आणि तेवढं कुणी करत नाही. पान उघडल्या उघडल्या परवानगी मागणं म्हणजे ती संधी वाया घालवणं. फायरफॉक्स आणि सफारी तर गिऱ्हाइकाने आधी काही दाबल्याशिवाय ती चौकट दाखवतच नाहीत.

मी परवानगी ऑर्डर पूर्ण झाल्याच्या पानावर मागतो. आधी आपल्याच शब्दांत विचारायचं: "पेटी निघाली की आणि पुढच्या वर्षी बुकिंग सुरू झालं की कळवू का?" त्याने 'हो, कळवा' दाबलं तरच ब्राउझरची खरी चौकट उघडायची. 'आत्ता नको' म्हणाला तर खरी संधी शाबूत राहते.

आयफोनवर आयओएस १६.४ पासून वेब नोटिफिकेशन येतं, पण साइट होम स्क्रीनवर ठेवलेली असेल तरच. सफारीतून नुसती उघडली असेल तर नाही. आयफोनवाल्यांना आधी सहावी पायरी दाखवा.

- किल्ल्या जपा. नोटिफिकेशन पाठवण्यासाठी व्हॅपिड नावाच्या दोन किल्ल्यांची जोडी बनते. ती हरवली तर आधी परवानगी दिलेल्या कुणालाही काही पाठवता येत नाही, सगळे पुन्हा शून्यापासून. तयार सेवा वापरत असाल तर किल्ली कुणाकडे आहे आणि सेवा सोडताना ती मिळेल का, हे आधी विचारा.
- मुदत लावा. "आज संध्याकाळी ५ पर्यंत बुकिंग" हे नोटिफिकेशन फोन बंद असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी मिळालं तर तो चिडतो. संदेशाला सेकंदांत मुदत देता येते, ती द्या.
- मेलेले पत्ते काढा. परवानगी दिलेल्या प्रत्येक ब्राउझरचा एक पत्ता तुमच्या यादीत असतो. पाठवताना ४०४ किंवा ४१० उत्तर आलं, म्हणजे तो पत्ता आता चालत नाही, की तो यादीतून पुसा.
- बंद करण्याची सोय सुरू करण्याइतकीच सोपी ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याबद्दल नेमकं हेच सांगितलं आहे.

हंगामात आठवड्याला एक, त्याहून जास्त नको. रोज शुभेच्छा पाठवणाऱ्या साइटला लोक बंद करतात, आणि मग बुकिंगचा संदेशही पोचत नाही.

## पायरी ८: लिंक, शोध आणि एआयची उत्तरं

ही पायरी दुसरीनंतर केव्हाही करता येते.

पानाचा पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवा. मराठी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून पाठवला की देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ रोमन खुणांचं होतं. 'हापूस' या एका शब्दाच्या पंचेचाळीस खुणा होतात आणि लिंक फसवणुकीची वाटते. लिंकसोबत दिसणारा फोटो ३०० केबीच्या आत ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपवर तो कधी दिसतो, कधी नाही.

शोध इंजिनाला आणि एआय सेवांना मजकूर समजावा म्हणून तो मूळ एचटीएमएलमध्येच असायला हवा. जावास्क्रिप्टने नंतर भरलेला मजकूर अनेक बॉट, म्हणजे साइट वाचत फिरणारे या सेवांचे प्रोग्रॅम, वाचत नाहीत.

तपासा: संगणकावर पानाचा मूळ स्रोत उघडा आणि त्यात भाव शोधा. 'इन्स्पेक्ट'मध्ये पाहू नका, तिथे जावास्क्रिप्ट चालल्यानंतरचं पान दिसतं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

त्यानंतर उत्पादनाची संरचित माहिती, म्हणजे शोध इंजिनांना कळेल अशा ठरलेल्या साच्यातली माहिती, भरा: नाव, भाव, चलन, उपलब्धता. इथला भाव आणि पानावरचा भाव एकच हवा. प्रश्नोत्तरांची संरचित माहिती भरून गूगलवर जागा अडवण्याचा जुना सल्ला आता सोडा. ऑगस्ट २०२३ मध्येच ती सोय सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरती मर्यादित झाली.

कोणत्या बॉटने साइटवर यायचं नाही हे सांगणारी रोबोट्सची फाइल (robots.txt) असते, तिच्यात कुणाला अडवलंय ते वाचा. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचे दोन बॉट घ्या: जीपीटीबॉट हा एआयच्या प्रशिक्षणासाठीचा आणि ओएआय-सर्चबॉट हा शोधासाठीचा, ही नावं वेगळी आहेत. एकाला अडवून दुसऱ्याला येऊ देता येतं. सीडीएनवरही एआय बॉट अडवण्याचं वेगळं बटण असतं. आंबा विकायचा असेल तर शोधणाऱ्या बॉटला दार उघडंच ठेवा.

## पायरी ९: हंगाम संपला की

शेवटची पेटी गेली त्याच दिवशी, पुढे न ढकलता, या क्रमाने करा. पानावरचा भाव काढा आणि तिथे "या वर्षीचं बुकिंग संपलं" असं लिहा. संरचित माहितीत उपलब्धता 'संपलं' करा. सीडीएनवरचा साठा रिकामा करा. सर्व्हिस वर्करमधला आवृत्तीचा आकडा एकाने वाढवा. मग महिन्याभरापूर्वी साइट उघडलेल्या कुणाचा तरी फोन मागून घ्या, शक्यतो ज्याचे टॅब कधीच बंद होत नाहीत अशाचा, आणि त्यावर साइट उघडून पाहा.